माती आंबट नाही, चुनखडीची आहे: वाळूजच्या घरातली कोवळी रोपे आणि सामूचे गणित

बजाजनगर, सिडको वाळूज महानगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्यानंतर संभाजीनगर–अहिल्यानगर रस्त्यावरच्या या पट्ट्यात गावोगावची माणसे येऊन स्थिरावली. त्यांतली बहुतेक शेतकरी घरांतली. शेत मागे राहिले, पण हाताची सवय सुटली नाही. म्हणून इथल्या दोन खोल्यांच्या घरातही खिडकीत मिरचीचे रोप असते, बाल्कनीत कढीपत्ता, मोगरा आणि लिंबू असते. आणि यातल्या असंख्य घरांत एकच तक्रार ऐकू येते: रोप छान उगवले, चार-सहा पाने आली आणि मग कोवळा शेंडा पिवळा पडू लागला.

त्यावर मोबाइलवर शोधले की ठरलेले उत्तर मिळते. माती आम्लधर्मी झाली आहे, चुना टाका, राख टाका, अंड्याची टरफले कुटून घाला. हे उत्तर देणारी माणसे बहुधा अशा देशांतली असतात जिथे कुंड्या पीट मॉसने भरतात. पीट मॉस म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलीत शेवाळ साचून झालेला थर. तो मुळातच आंबट असतो, त्याचा सामू चारच्या आसपास असतो. तिथे चुना हे औषध आहे. वाळूजमध्ये तोच चुना बहुतेक वेळा आजार वाढवतो, कारण इथली माती मुळातच चुनखडीची आहे आणि इथले बोअरचे पाणी तिच्यात रोज आणखी चुना ओतत असते.

सामू म्हणजे काय

मातीचा आंबटपणा किंवा अल्कपणा मोजण्याचे माप म्हणजे सामू, म्हणजेच पीएच. हे माप डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडले. मोजपट्टी शून्य ते चौदा. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. पण या पट्टीवरचे एक घर साधे नसते. सामू सातवरून आठवर गेला की आम्लता दहापटीने घटते, नऊवर गेला की शंभरपटीने. म्हणून ७.० आणि ८.२ हे आकडे कागदावर जवळचे वाटले तरी मुळांसाठी ती दोन वेगळी जगे आहेत.

बहुतेक भाज्या आणि फुलझाडांना ६.० ते ७.० या दरम्यानची माती मानवते. या पट्ट्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांपैकी जवळजवळ सगळी मुळांना थोडीफार मिळत राहतात. सामू साडेपाचच्या खाली उतरला की मातीतले ॲल्युमिनियम आणि मँगेनीज जास्त विरघळून मुळांना बाधू लागतात, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व स्फुरद कमी पडते. सामू साडेसातच्या वर चढला की लोह, जस्त, मँगेनीज आणि स्फुरद अडकून बसतात. सर्वांत जास्त फटका लोहाला बसतो. हवा खेळत्या मातीत सामूचे एक घर वर गेले की विरघळलेल्या लोहाचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते.

आपल्या मातीत लोहाची टंचाई नाही. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. धान्याने कणगी भरलेली असावी आणि तिच्या कुलपाची किल्ली मात्र हरवावी, तशी या रोपाची गत असते. उपाशी रोपाला आणखी खत घालून उपयोग होत नाही. आधी कुलूप उघडावे लागते.

एकच खडक, दोन माती

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरांवर थर साचले. वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली तो हाच बेसॉल्ट. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुबलक असते. खडक झिजून माती होताना ही द्रव्ये सुटी होतात आणि पुढे त्यांचे काय होणार हे पाऊस ठरवतो.

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतके पाणी मातीतला कॅल्शियम धुऊन समुद्रात नेते, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते आणि जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती तयार होते. संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो. तो कॅल्शियमला वाहून नेण्याइतका नसतो, फक्त थोडा खाली ढकलतो. पाणी सुकले की तिथेच कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे खडे जमतात. विहीर खणताना किंवा इमारतीचा पाया काढताना काळ्या मातीखाली जो पांढरट, खडेदार थर लागतो तो हाच. म्हणून दापोलीच्या बागेत शेतकरी चुना टाकतो ते बरोबर आहे आणि गंगापूर तालुक्यातल्या कुंडीत तेच करणे चुकीचे आहे, जरी दोन्ही ठिकाणचा मूळ खडक एकच असला तरी.

आपल्या भागातल्या काळ्या मातीचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.५ असतो. चुनखडी भरपूर असलेली माती ८.२ च्या आसपास घट्ट टिकून राहते. तिच्यात थोडे आम्ल घातले की चुनखडी ते गिळून टाकते आणि काही दिवसांत सामू पुन्हा जागेवर येतो. मातीच्या या गुणाला उभयप्रतिरोध म्हणतात. घरगुती उपायांपैकी निम्मे इथेच निष्फळ ठरतात.

हे दुखणे शेतात नवे नाही. उसाच्या पानांवर पिवळे-पांढरे पट्टे येतात त्याला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. ते लोहाच्या कमतरतेचेच लक्षण. जालना, पैठण, बदनापूर भागातल्या मोसंबीच्या बागांत चुनखडीच्या जमिनीत झाडांचे शेंडे पिवळे पडतात, फळ लहान राहते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र संभाजीनगरच्या हिमायतबागेत आहे आणि मोसंबीसाठी बदनापूरला वेगळे केंद्र आहे. मोसंबी लावण्याआधी जमिनीतली चुनखडी तपासा, हा तिथला नेहमीचा सल्ला. शेतकऱ्याला दिला जाणारा हा सल्ला कुंडी लावणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

आधी पान वाचा

रोप पिवळे पडले म्हणजे लगेच सामूवर खापर फोडू नये. पिवळेपणाची जागा आणि रीत पाहिली की बरेचसे निदान घरीच होते.

पिवळी पडलेली पाने जुनी आहेत की नवी, हा पहिला प्रश्न. नत्र आणि मॅग्नेशियम रोपाच्या अंगात फिरू शकतात. कमी पडले की रोप जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. नत्र कमी असेल तर संपूर्ण पान एकसारखे फिकट होते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. म्हणून लोहाची कमतरता नेहमी शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसते: बारीकसारीक शिरासुद्धा हिरव्या, त्यांच्यामधला भाग पिवळा, जणू हिरव्या रेषांचे जाळे. दुखणे वाढले की नवे पान जवळजवळ पांढरे येते आणि त्याच्या कडा करपतात.

मँगेनीज कमी असतानाही नवी पाने पिवळी होतात, पण शिरांच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रंगाचा रुंद पट्टा उरतो. जस्त कमी असेल तर पाने लहान आणि अरुंद येतात, पेरे आखूड होऊन शेंड्याला पानांचा झुपका बनतो. लिंबाच्या रोपात हे हमखास दिसते. चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त दोन्ही एकत्र कमी पडलेले आढळणे अगदी सामान्य आहे.

घरातल्या रोपांत तीन गोष्टी सामूच्या दुखण्यासारख्या भासतात आणि माणूस फसतो. पहिली, बीजदले. मिरची-टोमॅटोच्या रोपाची सर्वांत खालची दोन जाड पाने खरी पाने आली की आपोआप पिवळी होऊन गळतात. तो आजार नाही. दुसरी, अपुरा उजेड. खिडकीपासून दूर ठेवलेले रोप लांबट, लुळे आणि सगळीकडून फिकट दिसते, पण शिरांचे जाळे उठून दिसत नाही. तिसरी, अतिपाणी. माती सतत ओली, वास कुबट, मुळे तपकिरी आणि मऊ.

या तिसऱ्या कारणाचा चुनखडीशी थेट संबंध आहे. माती ओली गच्च राहिली की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात मिसळून चुनखडी विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होते. बायकार्बोनेट लोह घेण्याची मुळांची क्षमता दाबून टाकते. म्हणून पावसाळ्यात पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत मोसंबी पिवळी पडते, आणि घरात ताटलीत पाणी साचलेल्या कुंडीतले रोपही त्याच कारणाने पिवळे पडते. पाण्याचा निचरा सुधारणे हा सामूच्या दुखण्यावरचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

लोहाचीच कमतरता आहे का, याची एक जुनी आणि खात्रीची चाचणी आहे. फ्रेंच संशोधक यूसेब ग्रिस यांनी १८४० च्या दशकात पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचे द्रावण लावून ती हिरवी करून दाखवली होती. तोच प्रयोग घरी करता येतो. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवा. संध्याकाळी एका पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर ब्रशने हे द्रावण लावा. आठवडाभरात तेवढाच भाग हिरवा झाला तर निदान पक्के. काहीच फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधा.

माती आणि पाणी मोजा

घरी करता येणारी सर्वांत सोपी तपासणी चुनखडीची आहे. कुंडीतली माती वाळवा, ढेकूळ फोडा आणि त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. माती फसफसली, किंवा कानाजवळ नेल्यावर बारीक चरचर ऐकू आली, तर चुनखडी आहे. चुनखडीवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, तो हा आवाज.

सामू मोजण्यासाठी एक भाग वाळलेली, चाळलेली माती आणि अडीच भाग शुद्ध पाणी, म्हणजे २० ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर पाणी, असे प्रमाण घ्यावे. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही हेच प्रमाण वापरतात. अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवा आणि मग वरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा किंवा पेनसारखे मीटर धरा. पाणी शुद्धच हवे. नळाचे किंवा बोअरचे पाणी घेतले तर मातीऐवजी पाण्याचाच सामू मोजला जाईल. वाळूजमध्ये गॅरेजवर आणि पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी या कामाला चालते. मात्र बाटलीवरचे लेबल वाचून घ्या: बॅटरीचे पाणी आणि बॅटरीचे ॲसिड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ॲसिड म्हणजे गंधकाम्ल. ते घरी आणायचेच नाही. मातीत खुपसायच्या दोन काट्यांच्या स्वस्त मीटरवर भरवसा ठेवू नये. मातीतली ओल आणि क्षार बदलले की त्याचा काटा बदलतो.

यानंतर पाण्याकडे वळा. इथे बहुतेक माणसे थांबतात, आणि खरा गुन्हेगार अनेकदा इथेच सापडतो. औद्योगिक वसाहतीला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी येते. अनेक घरांना आणि सोसायट्यांना मात्र बोअरवर किंवा उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. बेसॉल्टच्या भेगांत मुरलेले बोअरचे पाणी सर्वसाधारणपणे धरणाच्या पाण्याहून जड असते. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असते. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर आणि कुंडीच्या काठावर जमणारी पांढरी पुटे हा त्याचा पुरावा.

शेतातल्या झाडाच्या मुळांना कित्येक घनफूट माती मिळते. घरातल्या रोपाला मिळते ती मूठभर किंवा ओंजळभर. रोपे तयार करायच्या खणाखणांच्या प्रो-ट्रेमधल्या एका खणात तर चमचाभर मिश्रण असते. इतक्या कमी मातीला पाण्यातले बायकार्बोनेट पचवता येत नाही. ६.२ सामू असलेले उत्तम कोकोपीटचे मिश्रण आणले, तरी रोज जड पाणी घातल्यावर काही आठवड्यांत ते साडेसातच्या वर जाऊ शकते. म्हणूनच ‘माती चांगल्या नर्सरीतून आणली होती’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

आणखी एक घरगुती सवय सोडून द्यायला हवी. आरओ मशीनमधून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत ते कुंड्यांना घालतात. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला, गाडी धुवायला ते वापरा. कोवळ्या रोपांना देऊ नका.

नेमके आकडे हवे असतील तर कृषी विभागाच्या जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी तपासून घेता येते. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ पासून सुरू आहे. पत्रिकेत सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्बासह बारा घटक असतात. लोह दर किलो मातीत ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी उपलब्ध असेल तर ते कमी समजतात. योजना शेतजमिनीसाठी आहे, पण पत्रिका कशी वाचायची हे समजले की कुंडीच्या मातीचा अहवालही वाचता येतो.

जे चालत नाही ते

उपायांआधी अपाय सांगणे भाग आहे, कारण रोपे जास्त मरतात ती चुकीच्या उपचाराने. चुलीची राख तीव्र अल्कधर्मी असते. ती कोकणातल्या आंबट मातीत उपयोगी. आपल्याकडे ती आगीत तेल. अंड्याची टरफले जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेट असतात, म्हणजे चुनखडीच्या मातीत आणखी चुनखडी. जिप्समबद्दल मोठा गैरसमज आहे. ते सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीचे औषध आहे. चुनखडीच्या मातीचा सामू त्याने उतरत नाही. हिराकस नुसती मातीत मिसळली तर त्यातले लोह चुनखडीशी गाठ पडताच थोड्या वेळात न विरघळणाऱ्या रूपात जाते. चहाचा चोथा खत म्हणून ठीक, पण सामू बदलण्याइतके बळ त्यात नाही.

गंधकाचे गणितही पाहून घ्यावे. मातीतले जिवाणू गंधकाचे गंधकाम्ल करतात आणि ते चुनखडी खाते. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुनखडी निष्प्रभ करते. दहा किलो मातीच्या कुंडीत सहा टक्के चुनखडी असेल, तर ती ६०० ग्रॅम झाली. ती संपवायला जवळजवळ १९० ग्रॅम गंधक लागेल. इतके गंधक घातले तर रोप क्षारांनीच करपेल. हाच हिशेब एक हेक्टरच्या वरच्या सहा इंच मातीला लावला तर चाळीस टनांहून अधिक गंधक लागेल. म्हणून शेतकरी सगळी जमीन बदलण्याच्या नादी न लागता, शेणखतात थोडे गंधक मिसळून मुळांजवळ देतो. घरी तर त्याहून सोपा मार्ग आहे: माती सुधारत बसण्यापेक्षा ती बदलणे. शेतकऱ्याला न परवडणारी ही सोय कुंडीवाल्याला सहज उपलब्ध आहे.

रोप वाचवण्याचा क्रम

पहिले काम, पाणी थांबवा. वरची इंचभर माती कोरडी होऊ द्या. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत का पाहा, ताटलीतले पाणी ओतून द्या. रोप पूर्वेच्या किंवा भरपूर उजेडाच्या खिडकीत ठेवा.

दुसरे, पानांतून लोह द्या. मोठ्या झाडांसाठी शेतात एक लिटर पाण्याला पाच ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम चुना असे द्रावण फवारतात. इथे चुना हिराकसीचा तिखटपणा मारण्यासाठी असतो. कोवळ्या रोपाला एवढे जोराचे द्रावण नको. लिटरला दोन ग्रॅम हिराकस आणि अर्धा ग्रॅम लिंबूसत्व पुरे. द्रावण ताजे करावे. तांबूस झाले तर टाकून द्यावे. ऊन उतरल्यावर फवारावे आणि आठवड्याने पुन्हा एकदा. यातून आधीच पांढरी पडलेली पाने कदाचित सुधारणार नाहीत. नवे येणारे पान हिरवे आले की उपाय लागू पडला असे समजावे.

तिसरे, मुळांना लोह द्यायचे असेल तर योग्य चिलेट निवडा. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू, जो त्याला चुनखडीच्या तावडीत जाऊ देत नाही. दुकानात ‘चिलेटेड फेरस’ म्हणून बहुधा ईडीटीए मिळते. ते सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देते. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकते. चुनखडीच्या मातीत शेवटपर्यंत टिकते ते ईडीडीएचए. ते महाग असते, त्याची पूड गडद तांबडी असते, पण कुंडीला लागते अगदी थोडे. पाकिटावरचे प्रमाण पाळून आळवणी करा आणि वर मातीचा थर ओढा, कारण उन्हात ते निकामी होते.

चौथे, पाणी सुधारा. जुलै ते सप्टेंबरमध्ये गच्चीवरचे पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवा. रोपांसाठी त्याहून चांगले पाणी नाही. ते किंचित आम्लधर्मी असते आणि साचलेले क्षार धुऊन काढते. इतर महिन्यांत बोअरचेच पाणी वापरावे लागले, तर दहा लिटरच्या बादलीत दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्व विरघळवा आणि पट्टीने पाहा. पाण्याचा सामू ६.० ते ६.५ वर आला की थांबा. पाणी किती जड आहे त्यावर हे प्रमाण कमी-जास्त होते, म्हणून न मोजता टाकू नये. लिंबूसत्व जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे त्याचा परिणाम फार दिवस टिकत नाही. शेततळ्यावर ठिबकसाठी वापरतात ती तीव्र आम्ले मात्र घरात नकोत.

पाचवे आणि खरे टिकाऊ काम, मिश्रण बदला. बियाणे आणि कोवळ्या रोपांसाठी काळी माती वापरूच नका. धुतलेले कोकोपीट दोन भाग, चांगले कुजलेले गांडूळ खत एक भाग आणि परलाइट किंवा भाताचा तूस एक भाग, एवढे पुरते. कोकोपीट दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, म्हणजे त्यातले मीठ निघून जाते. रोप हलवताना मुळांभोवतीची चिकट माती हलक्या हाताने सोडवा, मुळे तोडू नका. नत्रासाठी थोडे अमोनियम सल्फेट दिले तर मुळांभोवतीचा सामू हळूहळू उतरतो. कारण अमोनियम शोषताना मुळे आम्ल बाहेर टाकतात, नायट्रेट शोषताना उलट होते. पण हे खत चिमटीनेच द्यावे.

जेव्हा खरोखर आंबट होते

वाळूजमध्ये कुंडी आंबट होतच नाही असे नाही. नुसते कोकोपीट किंवा बाहेरून आणलेले पीट, त्यात आरओचे शुद्ध पाणी आणि वर सतत अमोनियमयुक्त खत, असे तिन्ही एकत्र आले की सामू पाचच्या खाली उतरू शकतो. अर्धवट कुजलेले खतही हे करते. तेव्हाची लक्षणे वेगळी: जुन्या पानांवर तपकिरी ठिपके, कोवळ्या पानांची टोके करपलेली किंवा वळलेली, मुळांची टोके जाड, आखूड आणि तपकिरी. तेव्हा अमोनियमचे खत बंद करावे, कॅल्शियम नायट्रेट अगदी सौम्य प्रमाणात द्यावे. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम खायचा चुना घोळून, निवळून वरचे स्वच्छ पाणी एकदा घालावे. गंमत अशी की पुष्कळदा काहीच न करता बोअरचे पाणी सुरू केले तरी सामू वर येतो. म्हणजे एका कुंडीत रोग ठरलेले पाणी दुसऱ्या कुंडीत औषध ठरते; मोजल्याशिवाय कोणते कोणासाठी हे कळत नाही.

झाड निवडतानाच विचार करा

शेवटी सगळ्याच झाडांचे चुनखडीशी वैर नसते. मोगरा, अनंत, इक्झोरा, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता ही लवकर पिवळी पडणारी. शेवगा, सीताफळ, डाळिंब, अंजीर, कोरफड ही आपल्या मातीशी जुळवून घेणारी. लिंबू-मोसंबीचे कलम घेताना खुंट कोणता ते नर्सरीवाल्याला विचारा. रंगपूर लिंबाचा खुंट चुनखडीच्या मातीत जंबेरीपेक्षा चांगला तग धरतो. मोगऱ्यासारखी आवडती झाडे जरूर लावा, पण त्यांना काळ्या मातीत न लावता वेगळे मिश्रण आणि पावसाचे साठवलेले पाणी द्या.

शेंडा पिवळा दिसला की खताच्या डब्याकडे धावू नका. आधी पान जुने की नवे ते पाहा, मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका, आणि माती व पाणी दोन्हींचा सामू मोजा. पीएच पट्ट्यांचे पाकीट खताच्या एका पिशवीपेक्षा स्वस्त आहे आणि वर्षभर पुरते. दुसऱ्या देशातल्या किंवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या मातीसाठी लिहिलेला सल्ला वाळूजच्या कुंडीत घालण्याआधी एवढी तपासणी प्रत्येकाने करावी, हीच विनंती.